पहिल्या पानावरचा अग्रलेख

न्यू हॅम्पशायरमध्ये पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही आणि दुकानात सेल्स टॅक्स नाही. मॅसॅच्युसेट्सच्या हद्दीला लागून राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना हे तोंडपाठ असतं. बॉस्टनकडची मित्रमंडळी नवा टीव्ही घ्यायचा झाला की नॅशुआपर्यंत गाडी घेऊन येतात आणि जाता जाता आमच्याकडे चहाला थांबतात. पण जुलैत आणि डिसेंबरात घराच्या प्रॉपर्टी टॅक्सचं बिल येतं, तेव्हा ही मौज संपते. मुलांची शाळा, रस्त्यावरचा बर्फ, अग्निशमन, वाचनालय, सगळ्याचा मोठा भार त्या एका बिलावर असतो. श्रीमंत गावाला तो जाणवत नाही. गरीब गावात मात्र घरं स्वस्त असल्यामुळे कराचा दर चढा ठेवावा लागतो, आणि तरीही शाळेला पैसे कमीच पडतात.

हे असं का, म्हणून विचारलं की लोक राज्याच्या स्वभावाकडे बोट दाखवतात. आम्ही पहिल्यापासून असेच, सरकारला चार हात लांब ठेवणारे, असं सांगतात. त्यात तथ्य आहेच. पण ज्याला आपण स्वभाव म्हणतो तो पुष्कळदा रोज सकाळी दारात पडणाऱ्या कागदातून घडत असतो. इथे तो कागद होता न्यू हॅम्पशायरमधल्याच मँचेस्टरचा 'युनियन लीडर', आणि १९४६पासून १९८१पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षं, तो एका माणसाच्या हातात होता. त्याचं नाव विल्यम लोब.

माझे आजोबा दादरला राहायचे आणि आचार्य अत्र्यांचा 'मराठा' अथपासून इतिपर्यंत वाचायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांतले मथळे त्यांना म्हातारपणीही शब्दन् शब्द आठवत. संपादकाने नाव घेऊन, सही ठोकून एखाद्याला सोलून काढायचं म्हणजे काय, हे मी त्यांच्या तोंडून ऐकत वाढले. मँचेस्टरच्या वाचनालयात लोबचे जुने अंक मायक्रोफिल्मवर वाचायला बसले तेव्हा त्या भाषेची जात लगेच ओळखू आली. दोघांच्या राजकारणात जमीन-अस्मानाचं अंतर. पण वर्तमानपत्र हे हातातलं शस्त्र आहे आणि ते म्यानात ठेवण्यासाठी नाही, ही समजूत दोघांची सारखीच.

या पत्राची मुळं एकोणिसाव्या शतकातली. मँचेस्टर तेव्हा गिरण्यांचं गाव होतं. मेरिमॅक नदीकाठी अमोस्केग कंपनीच्या लाल विटांच्या इमारती मैलभर पसरलेल्या, आणि त्यांत काम करायला कॅनडातल्या क्वेबेकमधून आलेली फ्रेंच बोलणारी कुटुंबं. अमोस्केग एके काळी जगातला सगळ्यात मोठा कापड उद्योग मानला जाई; १९३०च्या दशकाच्या मध्यावर तो बंद पडला. याच गावात 'युनियन' नावाचं जुनं दैनिक होतं. १९१२मध्ये फ्रँक नॉक्सने 'लीडर' काढलं, आणि पुढच्याच वर्षी दोन्ही पत्रं एका मालकीखाली आली. नॉक्स रिपब्लिकन होता, १९३६मध्ये उपाध्यक्षपदासाठी लढून हरलेला. तरी महायुद्धाच्या तोंडावर राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टने या विरोधी पक्षाच्या माणसाला नौदलमंत्री केलं आणि त्यानेही ते पद घेतलं. १९४४मध्ये तो पदावर असतानाच गेला. दोन वर्षांनी त्याच्या पत्नीने पत्र विकलं, आणि लोब मँचेस्टरला आला.

आला म्हणजे पत्र घेतलं, एवढंच. लोबचे वडील राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टचे सचिव होते आणि स्वतः रूझवेल्ट या मुलाचा गॉडफादर. आधी व्हरमाँटमध्ये दोन छोटी पत्रं चालवून झालेली. न्यू हॅम्पशायरमध्ये मात्र त्याने घर केलंच नाही. तो राहायचा मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर प्राइड्स क्रॉसिंगला, नाहीतर नेव्हाडात रीनोजवळच्या आपल्या रँचवर. पत्र चाले ते तिथून. या गोष्टीचा मला खरोखर राग येतो. प्रॉपर्टी टॅक्सचं बिल भरणाऱ्या लाखो माणसांनी कोणता कर सोसावा आणि कोणता सोसू नये, हे त्यांना पस्तीस वर्षं रोज सांगणारा माणूस त्या राज्यात राहतच नव्हता.

अंक प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय त्याची पद्धत कळत नाही. अग्रलेखाची जागा आतल्या पानावर, ही सगळीकडची रीत. लोबचा अग्रलेख पहिल्या पानावर येई, बातम्यांच्या मांडीला मांडी लावून, खाली त्याच्या नावानिशी. मधले मधले शब्द ठळक मोठ्या अक्षरांत, त्यामुळे वाचताना कुणीतरी टेबलावर मूठ आपटत बोलतंय असं वाटतं. पत्राच्या नावाबरोबर डॅनियल वेब्स्टरचं वचन: सत्याइतकं सामर्थ्यवान दुसरं काही नाही. आणि मग नावं ठेवणं सुरू. आयझेनहॉवर 'डोपी ड्वाइट'. केनेडी देशातला एक नंबरचा खोटारडा. दुसरं लग्न केलेला न्यूयॉर्कचा गव्हर्नर रॉकफेलर बायका बदलणारा. मेन राज्याचा सिनेटर एडमंड मस्की 'मॉस्को मस्की'. फोर्ड तर त्याच्याच पक्षाचा, तरी तोही सुटला नाही. १९६०मध्ये मतदानाच्या आदल्या दिवशी केनेडी मँचेस्टरला आला आणि भर सभेत म्हणाला की याहून बेजबाबदार वर्तमानपत्र कुठेतरी असेलही, पण चाळीस राज्यं फिरून मला ते सापडलेलं नाही.

असं पत्र लोक का घेत होते? एक तर दुसरं होतंच कुठे? नॅशुआला, काँकर्डला, कीनला आपापली दैनिकं होती, पण राज्यभर जाणारं सकाळचं पत्र हे एकच. गावच्या हायस्कूलच्या सामन्याचा निकाल, निधनवार्ता, विधिमंडळात काल काय झालं, सगळं त्यातच. आणि दुसरी गोष्ट, तिचं श्रेय त्याला द्यायलाच हवं: तो वाचकांची पत्रं पानंच्या पानं छापत असे. त्यांत त्यालाच शिव्या घालणारी पत्रंही असत. शेतकरी, गिरणीतून निवृत्त झालेले कामगार, शाळामास्तर, जो लिहील त्याचं नाव छापून येई. माणसाला आपलं म्हणणं छापलेलं दिसलं की ते पत्र त्याला आपलं वाटू लागतं. उजव्या विचारांच्या या पत्राची मुळं राज्यात एवढी खोल गेली त्यात या पत्रव्यवहाराचा वाटा अग्रलेखांपेक्षा कमी नव्हता, असं मला ते अंक चाळताना पुन्हा पुन्हा वाटलं.

त्याला नुसतं उजवा म्हणून मोकळं होता येत नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्याने शेजारच्या हेव्हरिल गावात तिथल्या जुन्या पत्राविरुद्ध नवं दैनिक काढलं. स्पर्धा इतकी चिघळली की प्रकरण कोर्टात गेलं आणि तो हरला. पैशांची चणचण असताना त्याने टीमस्टर्स या ट्रकचालकांच्या संघटनेच्या पेन्शन फंडातून मोठं कर्ज घेतलं. आणि त्याच संघटनेच्या जिमी हॉफाची बाजू तो हिरिरीने मांडत राहिला. मालकाचं कर्ज आणि मालकाचं मत एकाच पानावर आल्यावर वाचकाने काय समजायचं? सही करून लिहिण्यातला प्रामाणिकपणा इथे अपुरा पडतो.

बाहेरच्या जगाला हे पत्र ठाऊक झालं ते प्रायमरीमुळे. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्याची देशातली पहिली प्रायमरी १९२०पासून न्यू हॅम्पशायरमध्ये होते, आणि १९५२मध्ये मतपत्रिकेवर थेट उमेदवारांची नावं आल्यापासून सगळ्या देशाचे डोळे दर चार वर्षांनी इथल्या बर्फाकडे लागतात. मग लोबच्या अग्रलेखाकडेही लागायचेच.

१९७२ सालचा फेब्रुवारी. डेमोक्रॅटिक पक्षात मस्की सगळ्यांच्या पुढे, शेजारच्याच राज्यातला. २४ तारखेला 'युनियन लीडर'ने फ्लॉरिडाहून आलेलं म्हणून एक पत्र छापलं. मस्कीसमोर त्याच्या माणसांनी फ्रेंच-कॅनडियन लोकांना 'कॅनक' अशी शिवी दिली आणि तो हसला, असा त्यातला आरोप. सोबत पहिल्या पानावर अग्रलेख, मस्कीने फ्रेंच वंशाच्या लोकांचा अपमान केला म्हणून. ज्या गावात अर्ध्या गल्ल्यांत आजी अजून फ्रेंचमध्ये जपमाळ ओढत होती, त्या गावात हे छापणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी मस्कीच्या बायकोबद्दल दुसऱ्या एका नियतकालिकातला खवचट मजकूर उचलून छापला.

शनिवारी, २६ तारखेला सकाळी, मस्की पत्राच्या कचेरीसमोर एका उघड्या ट्रकवर उभा राहिला. बर्फ पडत होता. डोक्यावर टोपी नाही. लोबला त्याने तोंडावर खोटारडा आणि भेकड म्हटलं. बायकोचा विषय निघाला तेव्हा त्याचा आवाज घोगरा झाला आणि वाक्य तुटलं. 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या डेव्हिड ब्रॉडरने त्याच्या गालांवरून अश्रू वाहिल्याचं लिहिलं. तो वितळलेला बर्फ होता, असं मस्की नंतर सांगत राहिला. त्या काळी राष्ट्राध्यक्ष होऊ पाहणाऱ्या पुरुषाला रडण्याची मुभा नव्हती. प्रायमरी त्याने जिंकली, ४६ टक्के मतांनी, मॅकगव्हर्नला ३७. पण घरच्या अंगणात एवढंच, असा अर्थ लावला गेला आणि त्याची मोहीम ढासळली.

ते पत्र ज्याच्या नावाने आलं तो माणूस कधीच सापडला नाही. ऑक्टोबरात 'वॉशिंग्टन पोस्ट'ने छापलं की ते निक्सनच्या व्हाइट हाउसमधल्या माणसाचं काम होतं. त्या 'पोस्ट'चा संपादक बेन ब्रॅडली. हाच ब्रॅडली पंचवीस वर्षांपूर्वी मँचेस्टरमध्येच 'न्यू हॅम्पशायर संडे न्यूज' या नव्या साप्ताहिकात तरुण बातमीदार होता. ते साप्ताहिक १९४८मध्ये लोबने विकत घेतलं आणि ब्रॅडली वॉशिंग्टनला गेला. मस्कीवरचं ते पत्र खरं की खोटं हे तपासण्यासाठी लोबच्या हाताशी सगळी यंत्रणा होती. सवड नव्हती असंही नाही. त्याला ते खरं असावंसं वाटत होतं, म्हणून त्याने छापलं. वृत्तपत्राच्या धंद्यात मला याहून मोठं पाप माहीत नाही.

या प्रसंगामुळे लोब म्हणजे उमेदवार घडवणारा आणि पाडणारा, अशी त्याची ख्याती झाली. पण नोंद तपासली तर वेगळंच दिसतं. १९५२मध्ये त्याचा माणूस टाफ्ट, जिंकला आयझेनहॉवर. १९६४मध्ये गोल्डवॉटर, जिंकला हेन्री कॅबट लॉज, तेही व्हिएतनाममध्ये सायगावला राजदूत असताना, लोकांनी मतपत्रिकेवर हाताने नाव लिहून. ज्या १९७२मध्ये मस्की घायाळ झाला त्याच वर्षी लोबने रिपब्लिकनांत अ‍ॅशब्रूकला आणि डेमोक्रॅटांत लॉस एंजेलिसच्या महापौर यॉर्टीला उचलून धरलं. दोघांनाही मतं दहा टक्क्यांच्या आतच. १९७६मध्ये रेगन, अगदी थोडक्यात हरला. १९८०मध्ये एकदाचा रेगन जिंकला. पुढच्या सप्टेंबरात लोब कर्करोगाने गेला. आपण पाठराखण केलेल्या माणसाला व्हाइट हाउसमध्ये बसलेलं त्याने जेमतेम आठ महिने पाहिलं.

त्याची खरी सत्ता काँकर्डला होती, राज्याच्या राजधानीत, आणि ती करापुरती होती. राज्यात इन्कम टॅक्स किंवा सेल्स टॅक्स आणणार नाही अशी उमेदवाराने शपथ घ्यायची, नाहीतर उद्याचं पहिलं पान आहेच. इथे तिला नुसतं 'द प्लेज' म्हणतात. वॉल्टर पीटरसन हा रिपब्लिकनच गव्हर्नर, सौम्य, हिशेबी. राज्याचा खर्च भागत नाही म्हणून त्याने व्यापक कराची भाषा केली. १९७२च्या पक्षांतर्गत निवडणुकीत मेल्ड्रिम थॉमसनने 'कराला कुऱ्हाड' या घोषणेवर त्याला पाडलं. मागे लोब होताच. तिथून पुढे डेमोक्रॅटसुद्धा शपथ घेऊ लागले. ह्यू गॅलनने १९७८मध्ये ती घेऊन थॉमसनला हरवलं. १९८२मध्ये ती नाकारली आणि तो हरला. तेव्हा लोबला जाऊन वर्ष उलटलं होतं.

उमेदवार निवडून आणणं हा एका दिवसाचा विजय. कोणता प्रश्न विचारायचाच नाही हे ठरवणं पिढ्यान् पिढ्या टिकतं. १९९७मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लेअरमाँटच्या खटल्यात सांगितलं की शाळांसाठी गावोगावच्या वेगवेगळ्या दरांच्या प्रॉपर्टी टॅक्सवर विसंबणं घटनेला धरून नाही. कोर्ट एवढं बोललं तरी उपाय शोधला गेला तो प्रॉपर्टी टॅक्सच्याच चौकटीत: १९९९मध्ये शिक्षणासाठी राज्यव्यापी प्रॉपर्टी टॅक्स आला. आमच्या गावच्या बजेटच्या सभेत दर वर्षी एक निवृत्त बाई उठतात आणि सांगतात की घर फिटलेलं आहे, उत्पन्न पेन्शनचं आहे, आणि कर भरायला घर विकावं लागेल. त्यांच्या मागे एक तरुण आई उठते आणि शाळेतला वाचनाचा शिक्षक काढू नका म्हणते. दोघी शेजारी राहतात, दोघींचं खरं आहे. तिसऱ्या कुठल्या कराने दोघींचं ओझं हलकं होईल का, हा प्रश्न त्या सभागृहात मी एकदाही ऐकलेला नाही.

लोबला अडवताही येत असे, हेही खरं. १९७३च्या तेलटंचाईच्या हिवाळ्यात ग्रीक जहाजमालक ओनॅसिसच्या कंपनीने डरहॅम गावाजवळ खाडीकाठी अवाढव्य तेलशुद्धीकरण कारखाना आणायचं ठरवलं. जमिनी निराळीच कारणं सांगून आधीच गुपचूप घेऊन ठेवायला सुरुवात झाली होती. गव्हर्नर थॉमसन बाजूने, लोबचं पहिलं पान बाजूने. विरोधात 'पब्लिक ऑकरन्सेस' नावाचं लहानसं स्थानिक साप्ताहिक. त्याने जमिनीच्या व्यवहारांचा माग काढला, नकाशे छापले, टँकर कुठे लागणार ते सांगितलं. डडली डडली नावाच्या डरहॅमच्या आमदार बाईंनी गावाच्या संमतीशिवाय कारखाना नको, ही भूमिका विधिमंडळात लावून धरली. मार्च १९७४मध्ये गावाने प्रचंड बहुमताने नकार दिला, आणि लगेच विधिमंडळानेही गावाचा अधिकार उचलून धरला. मला या सगळ्या कथेत सर्वांत जवळची वाटते ती ही लढाई, कारण यात शिवीला शिवी नव्हती. बातमीदार घरोघर जाऊन विचारत होते: जमीन कुणी घेतली, काय सांगून घेतली.

लोबनंतर पत्र त्याच्या पत्नीकडे, नॅकी स्क्रिप्स लोबकडे गेलं. ती वृत्तपत्रसम्राट ई. डब्ल्यू. स्क्रिप्सची नात. १९७७च्या जीप अपघातात कंबरेखालचं शरीर लुळं पडलेलं, तरी व्हीलचेअरमधून तिने १९९९पर्यंत पत्र चालवलं आणि अग्रलेख लिहिले. १९९२च्या प्रायमरीत तिने पदावरच्या राष्ट्राध्यक्ष बुशविरुद्ध पॅट ब्युकॅननला बळ दिलं. त्याने ३७ टक्के मतं घेतली आणि बुशची झोप उडवली. तिने आपले शेअर्स पत्रकारिता शिकवणाऱ्या एका संस्थेला दिले. हे कुठल्याही विचाराच्या मालकाने घ्यावं असं उदाहरण आहे.

पुढची घसरण देशभरातल्या सगळ्याच पत्रांसारखी: जाहिराती गेल्या, पानं घटली, माणसं कमी झाली. पण विचाराच्या बाजूने जे झालं ते लक्षात घेण्यासारखं आहे. २०१५च्या अखेरीस पत्राने रिपब्लिकन उमेदवार ख्रिस ख्रिस्तीला पाठिंबा दिला. तो ट्रम्पच्या मागे गेला तेव्हा आम्ही चुकलो असं छापून कबूल केलं. २०१६च्या निवडणुकीत पाठिंबा लिबर्टेरियन पक्षाच्या गॅरी जॉन्सनला, आणि २०२०मध्ये चक्क जो बायडनला. लोबच्या वाचकांचे नातू तेव्हा ट्रम्पला मत देत होते. चिडखोर टोपणनावं, शत्रूचा अपमान हीच भूमिका, हे सगळं पत्राने ज्यांना पस्तीस वर्षं शिकवलं त्यांना आता ते थेट, पत्राशिवाय मिळत होतं. पत्र मात्र तोवर सभ्य झालं होतं. मला हा बदल प्रामाणिक वाटतो, आणि उशिराचा वाटतो.

२०२२मध्ये लोबच्या सावत्र मुलीने त्याच्यावर बालपणी केलेल्या लैंगिक अत्याचाराचे आरोप उघडपणे केले. ते 'युनियन लीडर'नेच छापले, आणि पत्राच्या नावपट्टीतून त्याचं नाव काढून टाकलं. वाचनालयातल्या फिल्मवर मी त्याने इतरांच्या घरांबद्दल, लग्नांबद्दल, बायकांबद्दल लिहिलेलं वाचलं होतं. त्यानंतर ही बातमी वाचताना फार वेळ पुढचं पान उलटवलं नाही.

राज्यात पगारावर नसला तरी व्याज आणि डिव्हिडंडवर एक कर होता. तोही १ जानेवारी २०२५पासून गेला. शपथ जशीच्या तशी आहे. तिला आता पहिल्या पानाची गरज उरलेली नाही. न्यू हॅम्पशायरच्या प्रतिनिधीगृहात ४०० सदस्य आहेत. त्यांना वर्षाला १०० डॉलर मानधन मिळतं, आणि हा आकडा १८८९पासून बदललेला नाही. म्हणजे कुणी शेतकरी, कुणी निवृत्त शिक्षक, कुणी विद्यार्थी, आणि ते वर्षभर शेकडो विधेयकांवर मतं देतात. त्यांतल्या प्रत्येकाने काय केलं हे कळायला बातमीदार लागतात. 'युनियन लीडर'मधून बाहेर पडलेल्या एका अनुभवी बातमीदार बाईंनी २०१५मध्ये ना-नफा तत्त्वावर 'इनडेप्थ एनएच' हे वृत्तस्थळ सुरू केलं. मी त्यांना दर वर्षी देणगी पाठवते. आणि 'युनियन लीडर'ची वर्गणीही चालू ठेवली आहे, कारण आमच्या गावच्या शाळेचं बजेट छापणारं दुसरं दैनिक इथे नाही.